पुठ्ठ्यावरचं ऊन
आज डबा उघडताना फॉइलची तिरीप भिंतीवर पडली आणि लेण्यांतला तो रविवार आठवला. हौशी चित्रकारांच्या ग्रुपबरोबर गेले होते. सगळे बाहेर पायऱ्यांवर बसले, पण माझी वही कुणी पाहू नये म्हणून मी आत अंधारात मूर्तीसमोर बसले. वटवाघळांचा उग्र वास येत होता आणि स्वतःचीच रेघ दिसत नव्हती. "अंधारात काय काढता ताई? थांबा," म्हणत पहारेकरी काकांनी दाराशी उभं राहून फॉइल चिकटवलेला पुठ्ठा उन्हात तिरपा धरला. मूर्तीचा चेहरा एकदम उजळला. "उरका, ऊन सरकायलंय," ते मधूनमधून म्हणत होते. शेवटी म्हणाले, "दाखवा की." मी वही छातीशी धरली. "नीट नाही आलंय, काका." "असू द्या हो. पुठ्ठा धरला की मी इथं दारातच. उजेडातला चेहरा जवळून बघायचा कधी?" मी दाराशी जाऊन वही दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली. "ओठ खरंच हसायलेत व्हय?" मी पुठ्ठा हातात घेतला आणि त्यांना आत पाठवलं. बराच वेळ ते एकदा वहीत, एकदा मूर्तीकडे पाहत राहिले. मग आतून आवाज आला, "हसायलेत की! पण ताई, नाक जरा लांब झालं तुमचं." ते नाक मी अजून खोडलेलं नाही, आणि वही आता टेबलावर उघडीच असते.