बर्फावरचा कांदा

अमरावतीत उन्हाळा तापला, की माझ्याकडं बर्फाच्या गोष्टींची मागणी सुरू होते. हिवाळ्यात कोणी विचारत नाही. मे महिन्यात पंख्याखाली चार जणी जमल्या, की कोणीतरी म्हणतंच, "बाई, तो कांद्याचा किस्सा सांगा ना." पण कांदा एकदम सांगता येत नाही. त्याच्या आधी रजई सांगावी लागते, रजईच्या आधी अकोल्याचा बर्फ. एकातून एक निघत जातं आणि चहा दोनदा होतो.

त्रेसष्ट-चौसष्टची गोष्ट असेल. मी तेव्हा एका मुलींच्या शाळेत ड्रिल टीचर होते. हिमालयातल्या एका बर्फाच्या शिखरावर बायकांची मोहीम निघणार, सोबत अनुभवी गाईड, असं पत्रक शाळेत आलं. आमच्या मोठ्या बाईंनी ते वाचून माझ्याकडं चष्म्यावरून पाहिलं. "आपल्या मुली जिना चढताना दम लागला म्हणून रडतात, आणि तुम्ही बर्फावर जाता?"

"म्हणूनच जाते," मी म्हटलं.

खरं तर त्या घडीला मला शिखराबद्दल काडीची माहिती नव्हती. पण जायचं हे पक्कं झालं होतं. सोबतीला माझी मैत्रीण कुसुम वानखडे, अकोल्याच्या दवाखान्यात नर्स. घरच्या मोठ्यांची संमती हवी, अशी अट होती. कुसुमच्या वडिलांनी एका वाक्यात देऊन टाकली. "आपन धर्म बदलला तवाही लोक म्हनत होते, झेपन काय यायले. जाय तू."

माझ्या घरी मात्र आत्याबाई होत्या.

* * *

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. शेती चांदूर बाजारला, आम्ही नोकरीपायी अमरावतीत, आणि आत्याबाईंचं राज्य दोन्हीकडं. मी विषय काढताच आमचे हे पेपरमागे गेले ते बाहेर आलेच नाहीत.

"वर जाशीन म्हन्जे सूर्याच्या जोळ जाशीन," आत्याबाई म्हणाल्या. "मंग ऊन जास्त लागन का कमी?"

मी समजावलं, की जितकं वर जावं तितकं थंड होतं. चिखलदरा नाही का थंड?

"चिखलदऱ्याले झाडं हायेत. तुह्या पहाडावर झाडं हायेत काय?"

"नाहीत."

"मंग?"

आत्याबाईंनी भाकरी थापायला घेतली. म्हणजे सभा संपली.

* * *

परवानगी मिळेल तेव्हा मिळेल, तयारी थांबायला नको, असं आम्ही ठरवलं. पत्रकात थंडीची सवय हवी असं लिहिलं होतं. भर उन्हाळ्यात वऱ्हाडात थंडी आणायची कुठून? कुसुमच्या ओळखीनं अकोल्याच्या एका बर्फाच्या कारखान्यात शिरकाव मिळाला. बर्फाच्या लाद्यांच्या दोन रांगांमध्ये पोती टाकून आम्ही बसलो. कामगार दारात उभे राहून पाहत होते. शेवटी मॅनेजर आले.

"बाई, इथं बर्फ इकाले ठेवते, मानसं नाही."

"थोडं बसू द्या, सवय करून राहिलो."

"कायची?"

कुसुम म्हणाली, "बर्फात राह्याची." मॅनेजरनं आमच्यासाठी चहा मागवला आणि दार उघडंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या त्या होरपळीत कुसुम वॉर्डात शिंकत होती. डॉक्टरांनी विचारलं काय झालं. ही म्हणाली, थंडी लागली. त्यांनी मुकाट्यानं तिचं रक्त मलेरियासाठी तपासायला पाठवलं.

* * *

पाठीवर ओझं घेऊन चढायची सवय म्हणून आम्ही सॅकमध्ये सरकी भरली आणि चिखलदऱ्याच्या दरीत रविवारी खालीवर करू लागलो. तिथली एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन आमच्याजवळून गेली. ती परतली तेव्हा आम्ही दुसऱ्यांदा चढत होतो.

"कुठी पोचवायचं हाय हे?" तिनं विचारलं.

"कुठं नाही. वर नेऊन परत खाली आणायचं."

तिनं मोळी बांधायची दोरी खांद्यावरून काढली, एका दगडावर बसली आणि आमचा तिसरा फेरा पूर्ण होईपर्यंत पाहत राहिली. जाताना एवढंच म्हणाली, "पगार देते काय कोनी?"

* * *

निघायचं जवळ आलं तरी आत्याबाईंचा नकार हलला नव्हता. मी चिडले होते. सून म्हणून आजवर त्यांचा शब्द खाली पडू दिला नाही, आता एकदा माझाही राहू दे, असं फार वाटत होतं. एका सकाळी मी सरळ त्यांच्यापुढं जाऊन बसले. "आत्याबाई, तुम्ही नाही म्हटलं तर मी जाणार नाही. पण मला जायचं आहे, हे जन्मभर वाटत राहील."

मग पेपरमागून आमचे हे पहिल्यांदा बाहेर आले आणि मला आत घेऊन गेले. आत्याबाईंची धाकटी बहीण वैशाखात शेतातून येता येता ऊन लागून गेली होती, हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी तेव्हा कळलं. आपल्याकडं उन्हात निघताना कांदा जवळ ठेवतात. त्या दिवशी घाईत तिचा राहून गेला होता. माझा राग तिथंच विरघळला.

बाहेर आले तर आत्याबाई कांद्याच्या टोपलीशी बसल्या होत्या. त्यातला एक घट्ट, लाल कांदा निवडून त्यांनी माझ्या हातात दिला.

"हा जोळून हलवशीन काय?"

"नाही."

"मंग जाय."

* * *

थंडीवर तोड म्हणून आम्ही ओळखीच्या पिंजाऱ्याकडून दोन रजया भरून घेतल्या होत्या. वऱ्हाडच्या माणसाचा कापसावर भारी विश्वास. पिंजारीही म्हणाला, "हिमालयात जाते तं हात कायले आखडू?" त्यानं खरंच हात आखडला नाही.

बेस कॅम्पवर आमचे गाईड सामान तपासत होते. पासांग त्यांचं नाव, सगळ्या त्यांना दाजू म्हणायच्या, म्हणजे त्यांच्याकडचा दादा. त्यांनी माझी रजई उचलायला हात घातला आणि परत खाली ठेवली. मग वाकून, हळू आवाजात विचारलं, "दीदी, इसमें कोई सोया है क्या?"

रजया खालीच राहिल्या. मोहीम काढणाऱ्या संस्थेनं दिलेल्या हलक्या झोपायच्या पिशव्यांत आम्ही झोपलो, आणि चांगली झोप लागली, हे पिंजाऱ्याला आजवर सांगितलेलं नाही.

* * *

शिखराच्या दिवशी दाजूंनी एकेकीचे खिसे रिकामे करायला लावले. बिनकामाचं वजन वर न्यायचं नाही. माझ्या खिशातून कांदा निघाला.

"ये क्या है?"

"प्याज."

"खाने का?"

"नहीं. लू के लिए."

दाजूंनी एकदा कांद्याकडं पाहिलं, मग चहूकडच्या बर्फाकडं, मग माझ्या डोळ्यांत. उंचीवर हवा विरळ होते आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. त्यांनी माझी नाडी धरली. "आपका नाम? ये कौन सा महीना है?"

मी सगळं नीट सांगितलं. तरी ते म्हणाले, "दीदी, आप नीचे जाएँगी."

इतकं सगळं करून मी तिथंवर आले होते. दाजूंनी मधला मार्ग काढला, "ठीक है, प्याज यहीं छोड़ दो, फिर चलो." तेवढं केलं असतं तर काम होत होतं. पण शब्द दिला होता.

"मेरेको नीचे भेजो तो भेजो," मी म्हटलं, "प्याज नहीं छोड़ेगी."

मी आशेनं कुसुमकडं पाहिलं. ती नर्स. सगळ्या प्रवासात ती माझ्या कांद्याला हसली होती, हे अंधश्रद्धेचं लक्षण आहे म्हणून तिनं मला आगगाडीत भाषणही दिलं होतं. आता तिनं हातमोजा काढला, कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि स्वतःचा कांदा बाहेर काढला.

"मायनं देला," ती माझ्याकडं न बघता म्हणाली.

दाजू मग दोर बांधायला लागले. "चलो. दोनों को है, तो ऊँचाई का कसूर नहीं."

वर पोचल्यावर काय वाटलं, असं लोक विचारतात. रडू आलं, दुसरं काय.

* * *

घरी आले तेव्हा बर्फावरच्या उन्हानं माझं तोंड काळंठिक्कर पडून सोलून निघालं होतं. आत्याबाईंनी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला.

"बर्फात गेलती म्हन्ते. अन् हे पाह्य, भरताच्या वांग्यावानी भाजून आली. म्हटलं होतं ना, सूर्याच्या जोळ हाय ते?"

मी खिशातून कांदा काढून त्यांच्या हातात दिला. गोठून, वितळून पार मऊ झाला होता. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, नुसता धरून बसल्या, आणि मग पदरानं डोळे पुसत परसात गेल्या. पुढं तो विषय घरात निघाला नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा पत्रक आलं. घरी विषय कसा काढावा, कधी काढावा, याचा विचार करत मी दोन दिवस घरात घुटमळत होते. आत्याबाई भाकरी थापत होत्या.

"मांगच्याहून उच्चा हाय काय यंदाचा पहाड?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"हो, आहे."

"मंग दोन ने."