साडूभाऊ पाठवणीला का नव्हते

सूर्य उगवल्याचं कोणी सहीनिशी लिहून दिल्याशिवाय आमचे साडूभाऊ सकाळ झाली असं मानत नाहीत. बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. त्यांच्याबरोबर बेगम बाजारात हळद घ्यायला जाणं म्हणजे कोर्टात साक्षीला जाणं. दुकानदार बिचारा म्हणाला, "साब, कल-इच आया माल." साडूभाऊ म्हणाले, "आते हुए तुम देखे?" "मैं नै देखा, मुनीम देखा." "तो मुनीम को बुलाओ." मुनीम जेवायला गेला होता. आम्ही पोत्यांवर बसून त्याची वाट पाहिली. हळद शेवटी घेतलीच नाही, पण मुनीम पुढे रमजानात त्यांच्या घरी हलीमचा डबा घेऊन यायला लागला. ज्याच्यावर संशय घेतला त्याच्याशी त्यांची हमखास दोस्ती व्हायची. माझ्याशीही अशीच झाली.

हा स्वभाव त्यांच्या नोकरीला मात्र भलताच मानवला. औषधांचं दुकान बंद करून ते उतारवयात मेडिकल कोडिंगमध्ये शिरले. परदेशातल्या डॉक्टरांनी लिहिलेले पेशंटचे कागद हिमायतनगरच्या ऑफिसात बसून वाचायचे आणि प्रत्येक दुखण्याला ठरलेला कोड द्यायचा, असं ते काम. पुढे इतरांनी दिलेले कोड तपासायची जागा त्यांना मिळाली आणि संशय घ्यायचा पगारच सुरू झाला. तिथले दोन नियम ते घरीही पाळत. कागदावर नाही ते घडलंच नाही, हा एक. आणि डॉक्टरने अर्धवट लिहिलं असेल तर त्याला विचारायचं, पण उत्तर सुचवायचं नाही, हा दुसरा. त्यामुळे त्यांच्या घरी पाहुण्याला 'चहा घेणार का' असं विचारायची सोय नव्हती. साडूभाऊ समोर येऊन हात बांधून उभे राहत. "भाऊ, पिण्याच्या बाबतीत काही सांगायचं आहे?" आतून मेहुणी ओरडायची, "अहो, टाकलाय मी चहा! विचारत काय बसलात?" यावर ते शांतपणे म्हणत, "तू सुचवते आहेस."

त्यांचा सगळ्यात मोठा राग अर्धशिशीच्या कागदांवर होता. साध्या डोकेदुखीचा कोड वेगळा, अर्धशिशीचा वेगळा आणि न थांबता तीन दिवसांच्या वर चाललेल्या अर्धशिशीचा आणखी वेगळा. "डॉक्टर नुसतं 'डोकं दुखतं' लिहून मोकळे!" ते भातावर वरण घेता घेता तावातावाने सांगत. "त्यामागे कोणी बाई अंधारात पडून आहे, हे मी ओळखायचं कसं? आणि ओळखलं तरी माझ्या मनाने लिहायचं नाही!" मी मान डोलवत असे. माझ्याच घरात अशी बाई होती. पण माझा संशय वेगळा होता. हिचं डोकं नेमकं सणावाराला, पाहुणे यायच्या दिवशीच कसं उठतं?

मग त्यांच्या एकुलत्या मुलीचं लग्न निघालं. आहेराच्या साडीवरून दोघी बहिणींत आधी थोडी बोलाचाली झाली होती. त्यातच मंगळवारी आमच्या गौलीगुड्याच्या घरात बायकोने डोक्याला फडकं बांधलं. रविवारी लग्नाच्या सकाळीही ते सुटलं नव्हतं. रुसली असणार, असं ठरवून मी बाहेरून कुलूप घातलं आणि एकटाच कार्यालयात गेलो. विचारेल त्याला सांगत राहिलो, "जरा डोकं दुखतंय तिचं." माझा चेहरा पाहून लोकांनीही रुसव्याचा कोड देऊन टाकला.

साडूभाऊ पंगतीत जिलबी वाढत माझ्यापर्यंत आले आणि थांबले.

"भाऊ, 'जरा' म्हणजे?"

"जरा म्हणजे जरा."

"कधीपासून?"

"मंगळवार असेल."

"मधल्या दिवसांबद्दल काही सांगायचं आहे?"

"मी काय तिच्या डोक्यात बसलोय?"

त्यांनी जिलबीचं ताट माझ्या शेजारी ठेवलं, किल्ली मागून घेतली आणि ते रिक्षा करून निघून गेले. मी त्या ताटातली जिलबी खात बसलो.

पुढचं मला बायकोकडून कळलं. तिच्या पोटात पाणीही ठरत नव्हतं. साडूभाऊंनी तिला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरने 'डोकेदुखी' लिहून गोळी पुढे केली. आजाराचं नाव साडूभाऊंच्या जिभेवर होतं, पण ते एवढंच म्हणाले, "डॉक्टर, कधीपासून, ते पेशंटला विचारून लिहाल का?" डॉक्टरने विचारलं. ती म्हणाली, "मंगळवारपासून. थांबलंच नाही." डॉक्टरने लिहिलेलं खोडलं आणि तिला भरती करून सलाईन लावलं. बायको म्हणते, इतक्या वर्षांत कोणी तिला सरळ विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

इकडे पाठवणीची वेळ झाली. साडूभाऊंचा फोन मेहुणीच्या पर्समध्ये वाजत होता. भाची सजवलेल्या गाडीशी उभी राहून पुन्हा पुन्हा मागे पाहत होती. व्याह्यांशी मानपानावरून बिनसलं, म्हणून बाप निघून गेला, अशी कुजबुज पसरली. भाचीने मला विचारलं, "काका, बाबा काही बोलले तुम्हाला?" खरं सांगायचं तर बायकोला कुलपात टाकून आल्याचं सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "नाही गं." ती रडत गाडीत बसली.

पाठवणीनंतर घरी जाऊन बायकोला मीच दवाखान्यात नेलं, असं मी पुढे सांगत सुटलो. ती खरं बोलायला निघाली तर साडूभाऊंनीच अडवलं, "अक्का, राहू द्या. भाऊंची अडचण होईल." मेहुणीही बहिणीच्या संसाराकडे पाहून गप्प राहिली. भाचीने बापाला कधी जाब विचारला नाही, पण त्या दिवसानंतर ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागली. मी एकदा त्यांना म्हटलं, तुम्ही तरी सांगा. ते म्हणाले, "मला कोणी विचारलेलं नाही." मेहुणी गेली. आता साडूभाऊ त्या मुलीकडेच राहतात, आणि एका घरात दोघं पाहुण्यांसारखे वावरतात.

भाचीला मराठी वाचणं जड जातं. म्हणून इथवर लिहून झालेलं मी काल तिला फोनवर वाचून दाखवलं.  वाचून संपताच तिने हाक मारली, "बाबा, इकडे या ना जरा." सपातांचा आवाज जवळ आला. "माझ्या पाठवणीच्या वेळी तुम्ही कुठे होता?"

तिने काहीही सुचवलं नव्हतं.   तिकडे कोणीतरी नाक ओढलं, कोण ते कळलं नाही. शेवटी फोन साडूभाऊंच्या हातात गेला.

"भाऊ, हे लिहिलंय तुम्ही?"

"हो."

"खाली सही आहे?"

मी कागदाकडे पाहिलं. सही नव्हती. "करतो," म्हणालो.

"करा," ते म्हणाले. "मी थांबतो."