तिसरा फासा

आखातातून सुट्टीवर आलेल्या एका शेजाऱ्याने मांडवीतल्या माझ्या मित्राला तो खोका दिला. आत एक इंग्रजी पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा. प्रत्येकाने एक माणूस व्हायचं, एकाने गोष्ट सांगत न्यायची आणि अडलं की फासा टाकायचा, असा तो खेळ. पुस्तकातले किल्ले आणि राक्षस आम्हाला परके वाटले, म्हणून आम्ही त्यातून गलबताचा खेळ केला. गोष्ट सांगणाऱ्याला आम्ही तांडेल म्हणायचो, होडीचा प्रमुख असतो तसा.

खेळायला तिघंच: मित्र, त्याचा थोरला भाऊ आणि मी. भाऊ एका ट्रॉलरवर खलाशी होता. पावसाळ्यात बोटी बंद असल्या की त्याला फारसं काम नसे, आणि आमचा खेळ तेव्हाच रंगायचा. तांडेल अर्थातच मित्र. त्याला नियमांचं वावडं. वादळ किती मोठं, दोर तुटतो की टिकतो, सगळं तो अंदाजाने ठरवायचा. मला असल्या भोंगळपणाची चीड येते, आजही येते. आज एक आणि उद्या दुसरंच, मग खेळायचं कशाला?

"सगळा लिहून कशाला ठेवायचा? दर्या काय तुझा लिहिलेला वाचून येतो?" तो म्हणायचा. भाऊ हसायचा आणि मला वकील म्हणायचा.

शेवटी भांडून भांडून मी एक नियम पदरात पाडून घेतला. पाण्यात पडलेल्या माणसाला तीन संधी. एकदा जरी दहाच्या वर आकडा पडला तर तो किनाऱ्याला लागला, तिन्ही वेळा खाली पडला तर गेला. 'बुडाला' असं मी लिहिलं नाही, कारण त्यांच्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नसे.

नारळी पौर्णिमा जवळ आली होती तेव्हा खेळात भावाचा माणूस गलबतावरून पडला. दोन फासे दहाच्या खाली पडले. तिसरा भावाने हातात घेतला, तेवढ्यात मित्र म्हणाला, "राहू दे आता. पुढच्या वेळेला बघू." मी भडकलो. नियम अर्ध्यावर कसा सोडायचा? पण होडीवर तांडेलाचा शब्द शेवटचा, आणि ते आम्हीच खेळात आणलं होतं. भावाने फासा खोक्यात टाकला. "वकील, मी नसताना टाकू नको हां," म्हणाला.

पौर्णिमेनंतर ट्रॉलर गेला तो परत आलाच नाही. दोघांची प्रेतं आरे-वारेच्या वाळूत लागली. भाऊ त्यांच्यात नव्हता.

काही आठवड्यांनी मित्र खोका घेऊन माझ्याकडे आला. दाढी वाढलेली. "नियम लाव," म्हणाला. मला काही कळेना. "तूच म्हणायचास ना, अंदाज नको. माझा अंदाज आता चालत नाय. सकाळी वाटतं आहे, संध्याकाळी वाटतं नाय. तिसरा तू टाक."

मी म्हटलं, अरे, हा खेळ आहे. मी फाशाला हात लावला नाही, तेव्हा त्यानेच टाकला. सतरा पडले.

माझ्या नियमाप्रमाणे भाऊ किनाऱ्याला लागला होता. इतकं हताश मला कधीच वाटलं नव्हतं. आकडा खाली पडला असता तर तो निदान रडला असता. त्याने खोका तिथेच ठेवला आणि तो घरी गेला. आम्ही पुन्हा खेळलो नाही.

बेपत्ता माणसाचा सात वर्षं पत्ता लागला नाही तर कायदा त्याला मेलेला धरतो. त्या नियमाची मुदत भरली, आणि तो लावल्याशिवाय भावाच्या बायकोचं विम्याचं, भरपाईचं कुठलंच काम पुढे सरकणार नव्हतं. अर्जावर त्यांच्या आईची सही हवी होती. ती देईना. मित्र म्हणाला, तू समजाव, तुझं ऐकेल.

आई ओटीवर सुके बोंबील निवडत होती. मी शेजारी बसून तिला सगळा कायदा सांगितला. तिने हातातलं काम न थांबवता ऐकून घेतलं.

"तुझ्या नियमान् तो वर आला होता ना?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग आता दुसरा नियम कशाला आणलास?"

मी सही न घेता उठलो. मित्र बाहेर वाट बघत उभा होता. "तू तिला कशाला सांगितलंस?" मी त्याच्यावर खेकसलो.

"तिने विचारला, काय पडला," तो म्हणाला. "मी आकडा सांगितला."