दगड ओला झाला की

आर्डिथ प्रूइट सकाळी प्रार्थनेच्या आधी धरणाला फोन लावते. चर्चमधल्या बायकांनी तिला यावरून दोनदा टोकलं आहे. "देव कुठे जात नाही," ती म्हणते, "पाणी जातं."

फोनवर माणूस नसतो. आधी टेप करून ठेवलेला आवाज असतो. आज आणि पुढच्या काही दिवसांत कुठल्या तासाला जनित्रं चालणार आणि किती पाणी सोडणार हे तो एका सुरात सांगतो. आर्डिथ ते विजेच्या बिलाच्या पाकिटामागे पेन्सिलीने लिहून घेते. सहा ते दोन बंद. बंद म्हणजे नदी आपली. जनित्रं थांबली की हॅकबेरी नदी गुडघ्यापर्यंत उतरते, दगडांच्या पाठी वर येतात आणि माणूस काठी टेकत मधल्या वाळूच्या पट्ट्यापर्यंत चालत जाऊ शकतो. जनित्रं सुरू झाली की हीच नदी तासाभरात उभा ट्रक लोळवते. पाणी धरणाच्या तळातून येतं, त्यामुळे जूनमध्येही पाय बधिर होतात. त्या गारव्यावरच इथले ट्राउट मासे जगतात, आणि खरं सांगायचं तर आमचं बेल्स फेरी गावही.

आर्डिथ त्र्याहत्तर वर्षांची आहे. उंच, खांद्यात किंचित वाकलेली. तीस वर्षं तिने शाळेची बस चालवली, त्यामुळे आवाज अजूनही शेवटच्या बाकापर्यंत जातो. हिवाळाभर ती स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसून माशांना फसवणाऱ्या खोट्या माश्या बांधते. छोट्या शिकंज्यात गळ अडकवायचा, त्यावर पिवळा दोरा गुंडाळायचा, कोंबड्याच्या मानेचं एक पीस, सशाची चिमूटभर लव. तयार झालेली माशी तांदळाच्या कणीएवढी असते आणि तिच्या त्या रुंद, बस हाकणाऱ्या हातांतून ती कशी निघते हे मला सहा वर्षांत कळलेलं नाही. सहा वर्षांपूर्वी मी तिच्या गॅरेजवरच्या खोलीत राहायला आले. पहिल्याच उन्हाळ्यात तिने मला छातीपर्यंतची रबरी विजार घालून पाण्यात उभं केलं. एकटीने पाण्यात उतरायचं नाही हा तिचा नियम होता आणि तिच्यासोबत उतरणारं कुणी राहिलं नव्हतं.

"मिस आर्डिथ, इथे खोल आहे," मी घाबरून ओरडले होते.

"मिस-बिस चर्चमध्ये. पाण्यात नुसतं आर्डिथ म्हण. एवढी लांब हाक मारशील तोवर पाणी चढेल."

मग तिने मला दगड दाखवला.

धरणाचा भोंगा आमच्या वळणापर्यंत ऐकू येत नाही. फोनवरचा आवाजही चुकतो. कडक ऊन पडलं, शहरातल्या सगळ्यांनी एकदम थंड हवेची यंत्रं लावली की वीज कमी पडते आणि पाणी वेळेआधी सुटतं. म्हणून इथे प्रत्येक जोडीचा एक दगड असतो. पाण्याच्या काठाला, माथा कोरडा राहील असा ठेवलेला. माथा ओला झाला की पाणी चढतंय. ज्याला आधी दिसेल त्याने एकच शब्द म्हणायचा: "दगड." तो ऐकला की दुसऱ्याने वळायचं. का, खरंच का, एक मिनिट थांब, असलं काही म्हणायचं नाही. गळाला मासा असला तरी नाही. आणि एकाने दुसऱ्याला मागे सोडून काठ गाठायचा नाही. दंडात दंड अडकवून दोघांनी मिळून परतायचं.

"हा नियम कुणी केला?" मी विचारलं होतं.

"लुएलाने," असं म्हणून आर्डिथने गळाची काठी झटकली. दोरी हवेत लांबवर उलगडत गेली.

लुएला स्टॅनफिल आमच्याच रस्त्यावर, चार घरं सोडून राहते. टपाल वाटायची. बुटकी, काटेकोर, पावसातही पत्रं कोरडी पोचवणारी बाई. दोघी बावीस वर्षं एकत्र पाण्यात उतरल्या. दगड कुठे ठेवायचा यावरून त्यांची दर वेळी जुंपायची, हे मला होबर्टने सांगितलं. होबर्टचं दुकान पुलाच्या टोकाला आहे. तो गळ, दोरे, कॉफी आणि बातम्या विकतो.

"लुएला म्हणायची, दगड खाली ठेव, लवकर ओला होईल. तुझ्या गुडघ्याला पाणी म्हणजे माझ्या कमरेला. तर ही म्हणायची, तू वाढ की जरा, टाचा उंच कर!" होबर्ट हसला. मग हसू आवरून म्हणाला, "दगड काही हलला नाही."

नऊ वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधली ती गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली. पलीकडच्या काठाला एका जुन्या झाडाच्या मुळाखाली मोठा तपकिरी ट्राउट राहायचा. तीन उन्हाळे दोघी त्याच्या मागे होत्या. त्या दिवशी तो आर्डिथच्या माशीला लागला. लुएला म्हणाली, "दगड." आर्डिथ म्हणाली, "एक मिनिट."

लुएला थांबली. सोडून जायचं नाही हा तिचाच नियम. ती पाण्यात उभी राहिली आणि पाणी तिच्या कमरेवरून छातीकडे चढत गेलं. मग दोघी दंडात दंड घालून निघाल्या, पण बुटक्या माणसाचे पाय आधी सुटतात. लुएला आर्डिथच्या हातातून निसटली, शंभर हात वाहत गेली आणि काठाच्या झुडपात अडकली. गळ्याचं हाड मोडलं होतं. टोपी आणि काठी नदीने नेली.

इस्पितळात तिने आर्डिथला एकच प्रश्न विचारला होता.

"मिळाला?"

"नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं," आर्डिथने मला एकदा बीन्स निवडता निवडता सांगितलं. "पण मी तिच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. म्हटलं, मिळाला. जाळ्यात घेतला, सोडला. तिने तोंड खिडकीकडे वळवलं."

त्यानंतर लुएला नदीवर आली नाही. आर्डिथशी बोललीही नाही. भांडण नाही, शब्द नाही. चर्चच्या जेवणावळीत आर्डिथ लुएलाने आणलेला मक्याचा पाव ताटात घ्यायची आणि लुएला आर्डिथचे उकडलेले बीन्स. दोघी दोन टोकांच्या बाकांवर बसून एकमेकींच्या हातचं संपवायच्या. सगळं गाव ते बघायचं आणि आपापल्या ताटात बघत राहायचं.

दर मार्चमध्ये आर्डिथ हिवाळ्यात बांधलेली सगळ्यात चांगली माशी औषधाच्या रिकाम्या बाटलीत ठेवून लुएलाच्या फाटकावरच्या टपालपेटीत टाकते. बाटलीवर टपालाचं तिकीट लावलेलं असतं.

"स्वतःच टाकतेस तर तिकीट कशाला?" मी विचारलं.

"तिकिटाशिवाय पेटीत काही टाकलं तर तिला खपत नाही. टपालखात्याचा नियम आहे."

नऊ बाटल्या गेल्या. एकही परत आली नाही, एकीचंही उत्तर आलं नाही. "परत पाठवली असती तर कळलं असतं," आर्डिथ म्हणायची. काय कळलं असतं ते सांगायची नाही. संध्याकाळी फेरफटका मारताना ती लुएलाच्या घराशी चाल मंद करायची. खिडकीत दिवा असायचा. आम्ही पुढे जायचो.

यंदा मेअखेर लुएलाच्या अंगणात घर विक्रीची पाटी लागली. होबर्टनेच सांगितलं. लुएला ओहायोला मुलीकडे चालली होती, जुलैच्या पहिल्या आठवड्यात.

"तिकडे नदी नाही," आर्डिथ म्हणाली.

"नदी सगळीकडे असते गं," होबर्ट म्हणाला.

"ती नाही." तिने कॉफी तशीच ठेवली आणि उठली.

त्या संध्याकाळी तिने चूल पेटवली नाही, शिकंज्यापाशीही बसली नाही. विजेच्या बिलाच्या पाकिटाचा कोरा भाग फाडून तिने त्यावर लिहिलं: मंगळवार, सहा ते दोन बंद. दगड तिथेच आहे. बस एवढंच. तिकीट लावलं. मग मला म्हणाली, "तू टाकून ये. माझे पाय तिच्या फाटकात वळत नाहीत."

मंगळवारी आम्ही आठला पाण्यात होतो. नदीवर धुकं होतं, गुडघ्याएवढं, जणू दुसरी नदी पहिलीवर वाहत होती. नऊपर्यंत ते विरलं आणि खऱ्या पिवळ्या माश्या पाण्यातून वर यायला लागल्या. ट्राउट त्या टिपत होते. पृष्ठभागावर नुसती वर्तुळं उठायची आणि पुसली जायची. आर्डिथ वाळूच्या पट्ट्याच्या टोकाला उभी होती. मी काठाजवळ, दगडापासून दहा पावलांवर. ती मासे धरत नव्हती, दोरी नुसती टाकत होती. दर वेळी दोरी पडली की तिची नजर रस्त्याकडे जायची.

"आर्डिथ, मासे तिकडे आहेत."

"माहीत आहे मला मासे कुठे असतात. शहाणी."

अकरा वाजून गेले तेव्हा झाडीत गाडीचं दार लागलं. लुएला पायवाटेने खाली आली. छत्री टेकत, चर्चचे बूट घालून. मला तिने मान हलवून ओळख दिली आणि दगडाशेजारी उभी राहिली. आर्डिथकडे बघितलं की नदीकडे ते मला सांगता येणार नाही.

आर्डिथने बघितलं होतं. तिची पाठ ताठ झाली. तिने पुन्हा दोरी टाकली ती एवढी सरळ पडली की मला वाटलं, हात आता तिचा राहिलेला नाही. माशी मुळाखालच्या काळ्या पाण्यात उतरली, दोन हात वाहिली आणि पाणी फुगलं. उसळी नाही, आवाज नाही, फक्त फुगलं. काठी अर्ध्यात वाकली. चक्रीवरची दोरी किरकिरत सुटली. सहा वर्षांत मी त्या काठीला तसं वाकलेलं पाहिलं नव्हतं. आर्डिथ एक पाऊल सरकली, काठी उंच धरली.

"दगड," लुएला म्हणाली.

हळू म्हणाली. पण पाण्यावरून शब्द सरळ जातो.

मी दगडाकडे बघितलं. माथा कोरडा होता. पांढरा, उन्हाने तापलेला. त्यावर एक निळा चतुर पंख पसरून बसला होता. पाणी सकाळी होतं तिथेच, दगडाच्या पायथ्याशी. मी तोंड उघडलं आणि लुएलाने माझ्याकडे पाहिलं. मी ते मिटलं.

तिकडे आर्डिथने दोरी मनगटाला गुंडाळली, एक झटका दिला आणि तोडली. काठी एकदम सरळ झाली. ती वळली. दगडाकडे न बघता, माझ्याकडे न बघता, पावलं चाचपत सरळ काठाकडे चालत आली. मला यायला वेळ लागला तर तिने माझ्यासाठी दंड पुढे केला. आम्ही बाहेर आलो.

तेव्हा तिला दगड दिसला. चतुर अजून तिथेच होता. तिच्या विजारीवरून पाणी निथळत होतं. का, असं तिने विचारलं नाही. नियमच तसा आहे.

"तुझी गाठ अजून कच्चीच," लुएला म्हणाली. नऊ वर्षांनंतरचं तिचं पहिलं वाक्य.

"गाठ नाही सुटली. मी तोडली."

"केवढा होता?"

"बघितलाच नाही."

लुएलाने छत्रीच्या टोकाने वाळूत एक रेघ ओढली. नदीकडे पाहत म्हणाली, "गुरुवारी बाराला सोडणार आहेत."

"तुला काय माहीत?" आर्डिथने विचारलं.

"फोन करते."

"केव्हापासून?"

"रोज," लुएला म्हणाली. मग जरा चिडल्यासारखी, "टपालवाल्या बाईला लवकर उठायची सवय असते. दुसरं काय करायचं सकाळी?"

ती वळली. चढावर तिला श्वास लागत होता, दोनदा थांबली. आर्डिथचा हात उचलला गेला, आणि तसाच राहिला, कारण लुएलाने मागे पाहिलं नाही. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि झाडीत विरला.

गुरुवारी येते असं ती म्हणाली नव्हती. नाही येत असंही नाही. घरात तिची निम्मी खोकी बांधून झाली आहेत, हे टपालपेटीपाशी उभी असताना मी खिडकीतून पाहिलं होतं. मी ते आर्डिथला सांगितलं नव्हतं, आणि आताही सांगितलं नाही.

"चल," मी म्हटलं. "अजून दोन तास आहेत. मासे वर येतायत."

आर्डिथ ऐकत नव्हती. ती गुडघे टेकून खाली बसली, त्या वयात जेवढं सावकाश बसता येतं तेवढी. चतुर उडाला. तिने दोन्ही हातांनी दगड धरला, हलवून सैल केला आणि ओढत पाण्याकडे नेला. वीतभर खाली. मग थांबली, हाताने स्वतःच्या गुडघ्याचं माप घेतलं, मनाशी काहीतरी कमी केलं आणि आणखी दोन बोटं खाली सरकवला.