मामाच्या रुळांलगतचं जिनिंग

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर मामाने माडीवरच्या खोलीत प्लायवूडवर छोटी रेल्वे मांडली. रूळ, सिग्नल, स्टेशन, सगळं त्याच्या हातचं. गाडी स्टेशनखेरीज कुठे थांबत नसे आणि तिला कुणी हात लावलेला त्याला चालत नसे. या हिवाळ्यात मात्र एक रिकामा कोपरा दाखवून म्हणाला, "इथं कारखाने पायजेत. तू कर. रविवारी माझे दोस्त येऊन राहिले बघायला."

त्याचे दोस्त म्हणजे जन्मभर मालगाड्या भरलेली माणसं. माझ्या कोपऱ्यामुळे त्यांच्यापुढे मामाची फजिती होऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

परदेशी व्हिडिओ बघून केलेले विटांच्या भिंतींचे कारखाने मी मोडले. जवळा बाजारच्या रस्त्याला दिसतं तसं सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणारं जिनिंग करायला घेतलं. जाड फॉइल कंगव्यावर दाबून नालीदार पत्रे केले, सगळ्यांवर गंज रंगवला. आवारात कापसाचा ढीग, शेजारी चहाची टपरी.

शनिवारी मामाने गल्लीतल्या चाचांना वर आणलं. ते आता धान्यासाठी पत्र्याच्या कोठ्या बनवतात, पण आधी जिनिंगमध्ये फिटर होते. बराच वेळ वाकून बघितलं आणि टपरीवर बोट ठेवलं.

"बेटा, भट्टी कापसाजवळ? आमची तर काडेपेटी बी गेटावर काढून घ्यायचे."

"इंग्रजी शाळेची हाय ती," मामा म्हणाला. "आग मराठीत लागती, तिला काय माहीत."

माझे कान तापले. चाचांचं लक्षच नव्हतं. टपरी फाटकाबाहेर ठेवून ते पत्र्यांकडे वळले होते.

"पत्रा सगळीकडून बराबर गंजत न्हाई. खिळ्यापासून सुरू व्हतो, मग पाण्यासंगं उतरतो."

ओल्या अंगठ्याने त्यांनी माझा रंग पुसत नेला. खिळ्यांखाली तेवढे ओघळ राहिले. मग चिमूटभर कापूस पिंजून विजेच्या तारांवर, आवारातल्या कडुलिंबाच्या फांद्यांवर, छपराच्या कडेला अडकवला. मी चार दिवस फोनवर जिनिंगचे फोटो मोठे करकरून बघितले होते आणि प्रत्येक फोटोत तो कापूस होता. मला तो दिसलाच नव्हता. चाचांनी एकदाही थांबून आठवलं नाही.

रविवारी दोस्तांबरोबर चाचाही आले. दुसऱ्या फेरीला मामाने गाडी माझ्या जिनिंगपाशी हळू केली आणि थांबवली.

"इथं काहून थांबवली?" एका दोस्ताने विचारलं.

मामा काही बोलायच्या आत दुसरा वाकून म्हणाला, "गाठी भरून राहिले ना. दम धर."

मी दाराआड उभी होते. मामाने मान वळवून मला शोधलं. चाचांनी मात्र हळूच हात घालून टपरी आणखी बोटभर लांब सरकवली.