वहिनींनी सोडलेल्या जागा

बी.ए.चा इतिहासाचा पहिला पेपर देऊन मी बाहेर आलो तेव्हा इतका खुशीत होतो, की आज मला माझीच कीव येते. तीन तास मी धडाधड सांगत होतो आणि शेजारी वहिनींचं पेन कागदावर खरखरत होतं. नंदुरबारच्या बाजारात मिरची वाळत होती. त्या तिखट वासाने अख्खा वर्ग ठसकत होता, पण वहिनी एकदाही थांबल्या नव्हत्या.

मला दिसत नाही. चौथीत असताना देवी आल्या आणि दोन्ही डोळे घेऊन गेल्या. पुढे काही वर्षं परगावच्या अंधशाळेत काढली, तिथे ठिपक्यांची लिपी शिकलो. जाड कागद, भोकांची पट्टी आणि एक टोचणी, एवढीच माझी दौलत. मात्र कॉलेजचं एकही पुस्तक त्या लिपीत नव्हतं. वहिनी, म्हणजे थोरल्या भावाची बायको, सातवी पास होत्या. स्वयंपाक आटोपला की त्या मला पुस्तक वाचून दाखवायच्या आणि मी ठिपके टोचत बसायचो. चार वर्षं असं चाललं. विद्यापीठाने लेखनिक घ्यायची परवानगी दिली, तेव्हा अट एकच होती: लेखनिक माझ्यापेक्षा कमी शिकलेला हवा. वहिनींइतकं त्या अटीत बसणारं दुसरं कोण होतं?

आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही. आणि ज्या राजावर इतिहासाचे दोन्ही पेपर होते, त्याचं आणि माझ्या वडिलांचं नाव एकच. वाचताना ते नाव आलं की वहिनी 'ते राजे' म्हणायच्या. राज्याभिषेकाच्या धड्यात तर दर ओळीला 'ते राजे, ते राजे' व्हायचं. मी खूप चिडवायचो. त्याही हसायच्या.

त्या दिवशी फाटकापर्यंत चालता चालता मी म्हटलं, आज तुमचा नियम शंभर वेळा मोडला की नाही? वडील बाहेर बैलगाडी जुंपून उभे होते, म्हणून त्या अगदी हळू बोलल्या.

"ते नाव मी लिखं नही, भाऊ. जागा सोडी दिधी."

मला आधी ती थट्टाच वाटली. मग माझे पाय जागच्या जागी थांबले. मी विचारलं, निदान 'ते राजे' तरी लिहायचं? तर त्या म्हणाल्या, उमेदवार सांगेल त्याहून एक शब्दही वेगळा लिहायचा नाही, असं विद्यापीठाच्या पत्रात होतं. तुम्ही 'ते राजे' सांगितलं नाहीत, मी कसं लिहिणार? दोन्ही नियम त्यांनी तंतोतंत पाळले होते.

पानोपानी रिकाम्या जागा असलेला तो पेपर तपासणाऱ्याच्या हाती पडणार होता. ही काहीतरी खूण आहे असं त्याला वाटलं असतं, तर मला परीक्षेतूनच उठवलं असतं. बी.ए. झालो तर शाळेत मास्तर होण्याची आशा होती. नाही तर आमच्या कोरीट गावच्या घरात ओट्यावर बसून भावाच्या जिवावर जेवायचं, हे ठरलेलंच होतं. आणि राग कोणावर काढणार? चार वर्षं मी त्या नियमाला हसलो होतो. जीभ जिथे अडते तिथे हातही अडेल, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

गाडीत मी वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी बैल थांबवले. सुनेशी ते कधी थेट बोलत नसत, म्हणून मलाच म्हणाले, "तिले सांग, लिख म्हना. मन्ही परवानगी शे."

मागून वहिनी रडत म्हणाल्या, "मामंजी सांगतस ते खरं शे, पन मन्हा हात चालत नही."

वडिलांनी पुन्हा गाडी हाकली. लेखनिक आता बदलता येणार नव्हता, कारण मंजुरी वहिनींच्याच नावाची होती. दुसरा पेपर एका दिवसाआड होता. मधल्या दिवशी घरात कोणी हा विषय काढला नाही. मी मात्र मनातल्या मनात वहिनींना नाही नाही ते बोललो, त्याची लाज अजून वाटते.

दुसऱ्या पेपरला पहिल्याच उत्तरात ते नाव आलं आणि पेनाची खरखर थांबली. मी पुन्हा सांगितलं. काहीच नाही. मग माझ्या बोटांत गरम झालेलं पेन आलं. त्यांनी माझा हात धरून पेनाचं टोक कागदावर त्या नावाच्या जागी टेकवलं.

"भाऊ, आठे तुम्ही लिखा."

मी हादरलोच. देवी येण्याआधी मी पाटीवर लिहीत होतो, हे मी स्वतःच विसरून गेलो होतो. चौदा वर्षांत पेन धरलं नव्हतं. तरी हात हलला. पर्यवेक्षक बाकाशी येऊन उभे राहिले. उमेदवार स्वतःच्या हाताने लिहितोय, त्याला ते काय हरकत घेणार? ते निघून गेले. त्या तीन तासांत पेन कितीतरी वेळा माझ्याकडे आलं आणि परत गेलं.

पहिल्या पेपरात मी सपशेल आपटलो. पण दोन्ही पेपरांचे मार्क एकत्र धरत, म्हणून काठावर पास झालो. निकाल कळला त्या दिवशी मी वहिनींना विचारलं, माझं अक्षर तरी कसं आलं होतं?

त्या म्हणाल्या,

"चौथीना पोऱ्यासारखं शे, भाऊ."

मी तेवीस वर्षांचा होतो आणि बी.ए. झालो होतो. ते ऐकून मला हुंदका आवरला नाही.