आजोबांची दुसरी तेरवी

मंडळी, आज दुपारी आमगावजवळच्या आमच्या गावी आजोबांची तेरवी झाली. शंभरी गाठून गेले, त्यात रडायचं काय, असं सगळे म्हणत होते. मीही तेच म्हणत होतो.

पण ही त्यांची दुसरी तेरवी होती.

दुसऱ्या महायुद्धात आजोबा बर्मात लढत होते. दोन वर्षं पत्र आलं नाही, म्हणून गावानं त्यांना मेलेलं धरून तेरवी उरकली. त्यांच्या नावाची पत्रावळ वाढायला घेतली, तशी त्यांची माय आडवी आली. "माहा पोरगा येऊन राहिला. जित्त्या माणसाची पत्रावळ काऊन वाढता?"

त्या दिवशी ती उपाशीच राहिली. लढाई संपून आजोबा घरी पोचले, तेव्हा तिला जाऊन महिना झाला होता.

आजोबा जन्मभर कुणाच्याच तेरवीला जेवले नाहीत. फौजी हेका म्हणून आम्ही हसायचो. त्यामागचं हे कारण आज आत्यानं सांगितलं. तुमच्या घरी असा हेका असेल तर हसू नका, माणूस आहे तोवर विचारा.

सांगता सांगता आत्यानं आजोबांची पत्रावळ वाढली. मग शेजारी आणखी एक मांडली.

"जेवा आता मायलेक सोबत," ती म्हणाली.